नभोवाणीवरील गाण्यांची निवड

रेडिओचे बटण फिरवले की गाणे ऐकू येते. ते तेथे कसे आले, असा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. नळातून पाणी यावे तसे ते येते, असे आपण गृहीत धरतो. परंतु नभोवाणी केंद्राच्या संग्रहात हजारो ध्वनिमुद्रिका असतात आणि निवेदने व जाहिराती वगळल्यास एका तासात जेमतेम दहा-बारा गाणी मावतात. म्हणजे एक गाणे लावायचे तर त्या घटकेपुरती बाकीची सारी बाजूला सारावी लागतात. गाणी निवडणाऱ्याचे काम हे मुख्यतः नाकारण्याचे काम आहे. आणि नाकारलेले गाणे ऐकूच येत नसल्यामुळे त्याबद्दल तक्रार करायला कोणी पुढे येत नाही.

हे नाकारणे कोण करतो आणि कोणत्या कसोटीवर करतो, हा या प्रकरणाचा विषय आहे. त्यासाठी दिल्ली शहराचे उदाहरण घेणे सोयीचे ठरते. या एका शहराने मंत्र्याची अभिरुची, श्रोत्यांची पोस्टकार्डे, परदेशी केंद्राची स्पर्धा, जाहिरातदारांचा पैसा आणि संगणकाने आखलेला तक्ता अशा सर्व कसोट्या एकामागून एक अनुभवल्या आहेत. कसोटी बदलली की तेच शहर निराळी गाणी ऐकू लागे. शहरातील माणसांची आवड तेवढ्या झपाट्याने बदलली होती, असे मानण्यास मात्र आधार नाही.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. गाणे चांगले असणे ही एक गोष्ट आणि ते केंद्राला चालणारे असणे ही दुसरी. नाट्यगृहात वन्समोअर घेणारे पद पहाटेच्या भक्तिसंगीतात लावले तर ते वाईट होत नाही, पण तेथे ते खटकते. त्यामुळे निवड करणारा अधिकारी गाण्याकडे रसिक म्हणून पाहत नाही. या वेळी कोण ऐकत असेल, याआधी काय वाजले आहे, आणि हे गाणे लागल्यावर श्रोता थांबेल की दुसरीकडे वळेल, एवढेच त्याला पाहायचे असते. या तीन प्रश्नांची उत्तरे केंद्राने एकदा ठरवून टाकली म्हणजे त्याचा एक साचा तयार होतो. या व्यवसायात त्याला ‘फॉरमॅट’ म्हणतात.

साचे दोन प्रकारचे असतात. एक पंगतीसारखा. पंगतीत मीठ, चटणी, कोशिंबीर, वरणभात, पक्वान्न, ताक यांचा क्रम ठरलेला असतो आणि जेवणाराही त्या क्रमाने जेवतो. जुन्या आकाशवाणीचा दिवस असा होता. पहाटे भक्तिगीते, मग शास्त्रीय गायन, बातम्या, दुपारी महिलांचा कार्यक्रम, संध्याकाळी शेतकऱ्यांसाठी, रात्री नाटक. ज्याला जे हवे असेल त्याने त्या वेळेची वाट पाहायची. दुसरा प्रकार रस्त्याच्या कोपऱ्यावरील वडापावच्या गाडीसारखा. तेथे केव्हाही जा, एकच पदार्थ मिळतो, पण तो नेहमी गरम असतो. आजची बहुतेक खाजगी संगीतकेंद्रे या दुसऱ्या प्रकारची आहेत. पंगत वाढणाऱ्याला क्रम ठरवण्याचा अधिकार कोणी दिला, हा प्रश्न पहिल्या पद्धतीत उद्भवतो. गाडीवर एकच पदार्थ का, हा दुसऱ्या पद्धतीत.

दिल्ली केंद्र १ जानेवारी १९३६ रोजी अलीपूर रोडवरील एका बंगल्यात सुरू झाले. त्या वेळचे नियंत्रक लायनेल फील्डन हे ब्रिटिश नभोवाणी संस्थेतून, म्हणजे बी. बी. सी. मधून, आलेले गृहस्थ होते. लोकांना काय आवडते यापेक्षा त्यांना काय ऐकवावे, या विचाराचे वजन तेथे अधिक असे. त्याचे एक उदाहरण आज चमत्कारिक वाटेल. दिल्ली केंद्रावर पाश्चात्य संगीताचे काम पाहणारे जॉन फोल्ड्स यांनी हार्मोनियमविरुद्ध जोरदार लेख लिहिला. या पेटीचे स्वर पक्के बांधलेले असल्यामुळे तिच्यात मींड आणि श्रुती निघत नाहीत, असा आक्षेप होता. रवींद्रनाथ ठाकूर यांनाही पेटी नापसंत होती. १९४० मध्ये आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी झाली आणि ती तीन दशके टिकली. या मुदतीत देशभरच्या मैफलींत, कीर्तनांत आणि संगीत नाटकांत पेटी वाजतच होती. नभोवाणीच्या स्टुडिओत तेवढी ती नव्हती. साच्याचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी त्यावरून दिसून येतात.

स्वातंत्र्यानंतर हा अधिकार भारतीय मंत्र्याकडे आला. १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी मंत्री असलेले डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मूळचे पुण्याचे. काशी विद्यापीठ आणि पॅरिस येथे त्यांचे शिक्षण झाले होते आणि शास्त्रीय संगीताचे ते जाणकार होते. संस्थाने विलीन झाल्यामुळे गवयांचा राजाश्रय संपला आहे, तेव्हा तो आश्रय नभोवाणीने दिला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. ती केवळ बोलण्यापुरती नव्हती. १९५२ मध्ये संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला, १९५४ पासून रेडिओ संगीत संमेलने होऊ लागली, आणि कलावंतांची चाचणी घेऊन त्यांना श्रेणी देण्याची पद्धत आली. अनेक घराण्यांच्या गायकीचे ध्वनिमुद्रण आज उपलब्ध आहे, त्याचे श्रेय या धोरणाला दिले पाहिजे.

चित्रपटसंगीताबद्दल मात्र केसकरांचे मत प्रतिकूल होते. ही गाणी उथळ आहेत आणि त्यांतील पाश्चात्य चाली भारतीय कानाला बिघडवतात, असे त्यांना वाटे. चित्रपटगीतांचा वेळ कमी करण्यात आला आणि प्रत्येक गाणे तपासून घेण्याचा दंडक घातला गेला. शिवाय गाण्याबरोबर चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे फुकट जाहिरात होय, म्हणून ते सांगायचे नाही, असे ठरले. निर्मात्यांना हे मानवले नाही. त्यांनी प्रक्षेपणाची परवानगीच काढून घेतली. काही महिन्यांतच आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली.

त्यांच्या जागी आकाशवाणीने स्वतःचे सुगम संगीत उभे करण्याचा प्रयत्न केला. कवींकडून गीते घ्यायची, केंद्राच्या संगीतकारांनी चाली बांधायच्या आणि केंद्राच्या वाद्यवृंदाने ती वाजवायची. हा प्रयत्न सर्वत्र फसला असे म्हणता येणार नाही. मराठी वाचकांना तर त्याचे सर्वांत मोठे उदाहरण सांगण्याचीही गरज नाही. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे केंद्रावरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या गीतरामायणाला प्रारंभ झाला. त्यातील छप्पन्न गीतांपैकी एकही चित्रपटासाठी लिहिलेले नव्हते आणि कोणत्याही लोकप्रियतेच्या चाचणीतून ते उतरलेले नव्हते. एका केंद्राने विश्वास टाकला, दर आठवड्याला वेळ दिला, आणि श्रोत्यांनी त्या वेळेला कामे बाजूला ठेवली. परंतु असे कवी आणि संगीतकार दर केंद्राला लाभत नाहीत. दिल्लीच्या हिंदी श्रोत्याला जी सुगम गीते मिळाली, ती त्याला चित्रपटगीतांची उणीव विसरायला लावू शकली नाहीत.

तो श्रोता मग कोलंबोकडे वळला. दुसऱ्या महायुद्धात माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया सेनाविभागासाठी सिलोनमध्ये एक शक्तिशाली लघुलहरी प्रक्षेपक उभारला होता. युद्धानंतर तो सिलोन सरकारकडे आला आणि रेडिओ सिलोनने त्यावर व्यापारी सेवा सुरू केली. मुंबईत कार्यक्रम ध्वनिमुद्रित करायचे, फिती विमानाने कोलंबोस पाठवायच्या आणि तेथून ते भारतभर ऐकवायचे, असा हा व्यवहार होता. ३ डिसेंबर १९५२ रोजी, एका दंतमंजनाच्या जाहिरातीसाठी, ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. निवेदक होते अमीन सयानी. दिल्लीत संसद मार्गावरील प्रसारण भवनात जे गाणे वर्ज्य होते, ते समोरच्या पानवाल्याच्या रेडिओवर बुधवारी रात्री आठ वाजता ऐकू येत असे.

गीतमालेची निवडपद्धती आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. आरंभी ती साधी स्पर्धा होती. सात गाणी वाजवायची आणि श्रोत्यांनी त्यांचा क्रम लिहून पाठवायचा. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली, असे सयानी पुढे अनेकदा सांगत. पत्रे इतकी वाढत गेली की ती मोजणे अशक्य झाले. मग १९५४ पासून गाण्यांना लोकप्रियतेनुसार क्रमांक देण्यास सुरुवात झाली आणि त्यासाठी ध्वनिमुद्रिकांच्या दुकानांतून विक्रीचे आकडे मागवण्यात येऊ लागले. विक्रीवर विसंबण्यातही अडचण होतीच. दुकानात माल पोहोचला नाही म्हणजे गाणे मागे पडे. शिवाय एखाद्या निर्मात्याने स्वतःच माणसे पाठवून ध्वनिमुद्रिका विकत घेण्याचा धोका असे. यावर तोल साधण्यासाठी गावोगावच्या श्रोता-संघांचे मत घेण्यात येऊ लागले. म्हणजे एका आकड्याची लबाडी दुसऱ्या आकड्याने पकडायची. आणखी एक नियम फार शहाणपणाचा होता. एखादे गाणे ठरावीक आठवडे टिकले की त्याला ‘सरताज गीत’ म्हणून मान देऊन क्रमवारीतून निवृत्त करण्यात येई. एरवी तेच गाणे महिनोन् महिने शिखरावर बसून राहिले असते आणि नव्यांना जागाच मिळाली नसती.

आकाशवाणीला अखेर या स्पर्धेची दखल घ्यावी लागली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली. पंडित नरेंद्र शर्मा हे कवी तिचे पहिले प्रमुख निर्माते होते. चित्रपटगीत परत आले, पण पंगतीच्या शिस्तीत आले. भूले-बिसरे गीत सकाळी, सैनिकांसाठी जयमाला, रात्री छायागीत, अशी प्रत्येक प्रकाराला वेळ नेमून दिली गेली. ‘संगीत सरिता’ सारख्या कार्यक्रमात शास्त्रीय राग आणि त्यावर आधारलेले चित्रपटगीत यांची सांगड घातली जाई. केसकरांचा आग्रह आणि श्रोत्यांचा हट्ट यांची ही तडजोड म्हटली पाहिजे, आणि माझ्या मते ती भारतीय नभोवाणीतील सर्वांत यशस्वी तडजोड होय.

विविध भारतीवरील फर्माइशीच्या कार्यक्रमांत निवड श्रोत्यांच्या पत्रांवर सोपवलेली असे. पोस्टकार्डावर गाण्याचे नाव आणि खाली घरातील सर्वांची, शेजाऱ्यांचीही नावे. बिहारमधील (आता झारखंडमधील) झुमरीतलैया या लहान गावाचे नाव या पत्रांमुळे देशभर झाले. पद्धत लोकशाहीची दिसते. परंतु तिच्यात मत कोणाचे मोजले जाई? ज्याला लिहिता येते, ज्याला पत्र लिहिण्याची हौस आहे, ज्याला आपले नाव आकाशवाणीवरून ऐकायचे आहे, त्याचे. पत्र न लिहिणारा श्रोता संख्येने कितीही मोठा असला तरी या मोजणीत शून्य ठरे. झुमरीतलैयाची आवड म्हणजे उत्तर भारताची आवड, असे मानण्याची चूक मग सहज होते.

सरकारच्या हातात निवड असल्याने काय घडू शकते, याचा एक कटू दाखला आणीबाणीत मिळाला. शासनाच्या वीस कलमी कार्यक्रमाच्या प्रचारासाठी चित्रपटसृष्टीने साहाय्य करावे, अशी मंत्रालयाची अपेक्षा होती. किशोर कुमार यांनी ती मानली नाही. मे १९७६ मध्ये त्यांची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून बंद करण्यात आली. पुढे शहा आयोगासमोर हे प्रकरण आले. त्या गाण्यांत उथळपणा नव्हता, हार्मोनियमसारखा तांत्रिक दोष नव्हता, श्रोत्यांची नापसंती तर नव्हतीच. साच्याचा प्रश्नच तेथे आला नाही. केसकरांचा निर्णय चुकीचा ठरवता येईल, पण त्याच्यामागे संगीताबद्दलचे एक मत होते. १९७६ च्या निर्णयामागे तसे कोणतेही मत नव्हते. हे दोन निर्णय एकाच मापाने मोजू नयेत.

दिल्ली केंद्रावर याच काळात एक लहानसे निराळे दालनही होते. २१ जुलै १९६९ रोजी तेथे ‘युववाणी’ सुरू झाली. तरुणांनी तरुणांसाठी चालवायचा हा कार्यक्रम असल्याने इंग्रजी पॉप गाण्यांना तेथे प्रवेश मिळाला.

आता गाडीच्या साच्याकडे वळू. त्याचा उगम अमेरिकेत आहे. १९५० नंतर तेथे दूरचित्रवाणीने नाटके, विनोदी कार्यक्रम, प्रायोजक असे सारे काही रेडिओपासून ओढून घेतले. ओमाहा शहरातील केंद्राचे चालक टॉड स्टॉर्झ यांनी त्या वेळी एक निरीक्षण केले. उपाहारगृहात नाणे टाकून गाणी वाजवण्याचे यंत्र असे. त्यात पुष्कळ गाणी असली तरी गिऱ्हाइके तीच ती मोजकी गाणी लावतात, आणि दिवसभर ती ऐकून कंटाळलेली नोकर मुलगीसुद्धा संध्याकाळी स्वतःचे नाणे टाकून पुन्हा तेच गाणे लावते, अशी ती गोष्ट सांगितली जाते. ती तंतोतंत घडली असो वा नसो, तिच्यातून निघालेला निष्कर्ष सर्व जगावर परिणाम करून गेला: थोडी गाणी निवडा आणि ती पुन्हा पुन्हा लावा. हाच ‘टॉप फॉर्टी’चा साचा. त्याचे दुष्परिणामही लवकरच दिसले. ज्या थोड्या गाण्यांना जागा मिळते त्यांत आपले गाणे असावे, म्हणून ध्वनिमुद्रिका कंपन्या निवेदकांना पैसे चारू लागल्या. १९५९-६० मध्ये अमेरिकन काँग्रेसने त्याची चौकशी केली आणि ॲलन फ्रीड या नामांकित निवेदकाची कारकीर्द त्यात संपली. तेव्हापासून गाणी निवडण्याचा अधिकार निवेदकाकडून काढून संगीत-प्रमुखाकडे आणि पुढे तक्त्याकडे सोपवण्यात आला.

दिल्लीत हा साचा पोहोचायला चाळीस वर्षे लागली. १९९३ मध्ये आकाशवाणीने आपल्या एफ. एम. वाहिनीवरील काही तास खाजगी कंपन्यांना भाड्याने दिले. ती व्यवस्था १९९८ मध्ये संपली. दरम्यान १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर लिलाव झाले आणि २००३ मध्ये रेडिओ मिर्ची, रेडिओ सिटी, रेड एफ. एम. ही खाजगी केंद्रे दिल्लीत सुरू झाली. २००५ नंतरच्या दुसऱ्या टप्प्यात आणखी भर पडली. दिल्लीचा एफ. एम. प्रक्षेपक केवळ दिल्लीपुरता राहत नाही. गुडगाव, नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद एवढा सारा राजधानी परिसर त्याच्या टप्प्यात येतो. एकट्या माणसाने मोटारीत बसून घरापासून कचेरीपर्यंत रेडिओ ऐकावा, अशी लांब अंतरेही या परिसरात आहेत. या केंद्रांचा मुख्य श्रोता हाच.

अशा केंद्राचा एक तास कसा आखला जातो, ते थोडे तपशिलाने पाहू. संगीत-प्रमुखापुढे घड्याळाच्या तबकडीसारखा एक तक्ता असतो. त्यावर तासातील प्रत्येक जागा कोणत्या वर्गातील गाण्याची, हे आधीच नोंदलेले असते. सर्वांत गाजत असलेली गाणी हा पहिला वर्ग, चढत असलेली नवी गाणी हा दुसरा, नुकतीच उतरणीला लागलेली हा तिसरा आणि जुनी पण न विसरलेली हा चौथा. समजा, पहिल्या वर्गात सहा गाणी आहेत आणि तासातील तीन जागा त्या वर्गाच्या आहेत. मग प्रत्येक गाणे दर दोन तासांनी परत येणार आणि सकाळी सहापासून मध्यरात्रीपर्यंतच्या अठरा तासांत नऊ वेळा वाजणार. दिवसभर रेडिओ लावून बसणाऱ्याला हा छळ वाटेल. परंतु अर्ध्या तासाच्या प्रवासापुरते ऐकणाऱ्याच्या वाट्याला ते गाणे कदाचित एकदाच येते, आणि त्याला ते येतेच, ही केंद्राच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट आहे. तक्ता त्या अर्ध्या तासाच्या श्रोत्यासाठी आखलेला असतो.

वर्गवारीनंतर शेजाराचे नियम येतात. दोन संथ गाणी लागोपाठ नकोत. जाहिरातींच्या आधी ओळखीचे गाणे हवे, म्हणजे श्रोता त्या संपेपर्यंत थांबेल. एका गायकाची दोन गाणी जवळजवळ नकोत, असाही अमेरिकन पद्धतीचा नियम आहे, परंतु हिंदी चित्रपटसंगीतात तो जसाच्या तसा लावता येत नाही. कोणत्याही काळात येथे पाच-सहा पार्श्वगायकांचेच आवाज बहुतेक गाण्यांत असतात. तो नियम काटेकोर पाळला तर गाणीच उरणार नाहीत. गाण्याचा आरंभही पाहिला जातो. चित्रपटात नायक डोंगर चढेपर्यंत चालणारे आरंभीचे संगीत रेडिओसाठी कापून टाकतात. हे सर्व नियम सांभाळून गाण्यांचा क्रम लावणे हाताने फार कष्टाचे असते. ते काम करणारे संगणकीय साधन अमेरिकेत १९७९ मध्ये निघाले आणि आज जगभरच्या केंद्रांत त्या जातीची साधने वापरतात. संगणक गाणी निवडतो, असे म्हटले जाते ते अर्धसत्य आहे. वर्ग माणूस ठरवतो, क्रम यंत्र लावते.

मग वर्ग कसा ठरतो? येथे श्रोत्यांची चाचणी येते. निवडक लोकांना दूरध्वनीवर किंवा सभागृहात एकत्र बसवून गाण्यांचे तुकडे ऐकवतात. तुकडा सात-आठ सेकंदांचा, गाण्यातील सर्वांत ओळखीच्या ओळीचा. ऐकणाऱ्याने सांगायचे: हे गाणे माहीत आहे का, आवडते का, आणि ऐकून कंटाळा आला आहे का. तिसरा प्रश्न म्हणजे जुन्या सरताज गीताचाच नवा अवतार. पद्धत शास्त्रशुद्ध वाटते, आणि पोस्टकार्डांपेक्षा ती निश्चित अधिक शास्त्रशुद्ध आहे. न लिहिणाऱ्यालाही ती विचारते. पण तिच्यात दोन दोष आहेत. जे गाणे सावकाश उमलते, ज्याचे सौंदर्य अंतऱ्यात आहे, त्याला सात सेकंदांत न्याय मिळत नाही. दुसरा दोष अधिक खोल आहे. माणसाला ओळखीचे गाणे आवडते. अनोळखी गाणे चाचणीत हटकून कमी गुण मिळवते. गुण कमी म्हणून ते वाजत नाही, आणि वाजत नाही म्हणून ते ओळखीचे होत नाही. या चक्रात शिरायचा दरवाजा एकच: रेडिओबाहेर कोणीतरी ते गाणे आधीच वाजवलेले असणे. हिंदीत हे काम चित्रपटाची जाहिरात करते. ज्याच्यामागे चित्रपट नाही त्या गायकासाठी तो दरवाजा बहुधा बंदच असतो.

चाचणीचे आकडे वाचण्याची रीतही लक्षात घेतली पाहिजे. दहा श्रोत्यांपैकी तिघांना जीव की प्राण वाटणारे पण चौघांना नकोसे वाटणारे गाणे मागे पडते. नऊ जणांना ‘चालेल’ असे वाटणारे गाणे पुढे जाते. केंद्राला भीती असते ती बटण फिरवले जाण्याची. म्हणून कोणाला तरी मनापासून आवडेल अशा गाण्यापेक्षा कोणीच बंद करणार नाही असे गाणे त्याला अधिक मोलाचे वाटते.

दिल्लीतील केंद्रे एकमेकांसारखी का ऐकू येतात, याचे निम्मे उत्तर येथे मिळते. उरलेले निम्मे पैशाच्या व्यवहारात आहे. पहिल्या टप्प्यातील परवान्यांचे शुल्क ठरीव होते आणि ते दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढत असे. मिळकत असो वा नसो, ते भरावे लागे. २००५ मध्ये ते बदलून एकरकमी प्रवेशशुल्क आणि मिळकतीच्या ४ टक्के, अशी पद्धत आली. गाण्यांच्या स्वामित्वधनाचाही वाद वर्षानुवर्षे चालला. ज्या कंपनीशी करार जमला नाही तिची गाणी त्या काळापुरती वाजत नसत, ती कितीही लोकप्रिय असली तरी. २०१० मध्ये कॉपीराइट मंडळाने हे धन निव्वळ जाहिरात-उत्पन्नाच्या २ टक्के ठरवले. त्यातच खाजगी केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई आहे. बातम्या नाहीत, तर वेगळेपण दाखवायचे ते गाण्यांतून आणि निवेदकाच्या बडबडीतून. गाण्यांत धोका पत्करायचा तर खर्च अंगावर येणार. अपवाद झाले नाहीत असे नाही. दिल्लीत १०४.८ या कंपनसंख्येवर २००७ च्या सुमारास स्त्रियांसाठी संभाषणप्रधान केंद्र चालवून पाहण्यात आले. पुढे त्याच कंपनसंख्येवर नाव बदलून चित्रपटगीते सुरू झाली. ९४.३ वर इंग्रजी गाण्यांचा साचा आला. जुन्या गाण्यांचा सांभाळ करण्याचे काम मात्र बराच काळ आकाशवाणीच्याच एफ. एम. गोल्डने केले.

या परिसरात राहणारी माणसे कोण आहेत, याच्याशी हा साचा ताडून पाहावा. फाळणीनंतर पंजाबातून आलेली कुटुंबे येथे स्थिरावली. पंजाबी ठेक्याची गाणी चित्रपटांत शिरली आणि चित्रपटांच्या वाटेने रेडिओवर आली. पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेले लक्षावधी लोकही येथे घरे बांधतात, रिक्षा चालवतात, कारखान्यांत राबतात. त्यांचे भोजपुरी गाणे छठच्या सुमारास गल्लीगल्लीत वाजते, पण व्यापारी केंद्रावर ते क्वचितच लागते. हरियाणवी रागिणीची गतही फारशी निराळी नाही, आणि गुडगाव तर हरियाणातच आहे. मोटार, घर, विमा विकणारा जाहिरातदार ज्या श्रोत्याला शोधतो, तो श्रोता हा नव्हे. त्यामुळे चाचणीसाठी निवडलेल्या लोकांत त्याला स्थान मिळेल अशी शक्यता कमी.

गुडगावमध्ये २००९ मध्ये ‘गुडगाव की आवाज’ हे सामुदायिक केंद्र १०७.८ वर सुरू झाले. तेथे चित्रपटगीते न लावण्याचे ठरले होते. त्यांच्या जागी हरियाणवी रागिणी आणि परिसरातील लोकांनी स्वतः गायिलेली लोकगीते असत. व्यापारी तराजूत ज्यांचे वजनच होत नव्हते, ती ही गाणी. सामुदायिक केंद्राचा प्रक्षेपक लहान असतो आणि त्याचा आवाज काही किलोमीटरच्या पलीकडे पोहोचत नाही, हे खरे. पण केसकरांच्या सुगम संगीताप्रमाणेच येथेही एका केंद्राने आपल्या जबाबदारीवर साचा ठरवला होता. फरक एवढा की येथे गाणारा आणि ऐकणारा एकाच वस्तीतले होते.

आता पुष्कळ लोक भ्रमणध्वनीवर हवे ते गाणे स्वतः लावतात. पहिले गाणे ते निवडतात. पुढचे कोणते, हे पुन्हा मोजणीच ठरवते.

या विषयाची ओळख वाचनापेक्षा ऐकण्याने अधिक चांगली होते. वाचकाने एखाद्या संगीतकेंद्रापुढे कागद-पेन्सिल घेऊन सलग एक तास बसावे. प्रत्येक गाण्याची वेळ, गायक, चित्रपट, वर्ष आणि गती एकेका रकान्यात लिहावी. जाहिरातींच्या आधी आणि नंतर कोणते गाणे लागले, तेही नोंदवावे. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्याच परिसरातील दुसरे केंद्र लावून तोच तक्ता भरावा आणि आठवड्याने पहिले केंद्र पुन्हा ऐकावे. दोन-तीन तक्ते समोर ठेवले म्हणजे संगीत-प्रमुखाचे चार वर्ग आपोआप ओळखू येऊ लागतात. शेवटी आणखी एक रकाना आखावा: आपल्या घरात, गल्लीत, सणासमारंभात या आठवड्यात जी गाणी कानावर आली, पण या तिन्ही तक्त्यांत नाहीत, त्यांची नावे तेथे लिहावीत. हा रकाना भरायला तासापेक्षा अधिक वेळ लागतो.